तान्ह्या बाळाला तहान लागते का?

मुळशी तालुक्यात पाणी किती! मुळा नदीवर केवढं मोठं धरण आहे. पण एप्रिल-मे आला की तालुक्यातल्या पौडमध्येही ऊन मी म्हणतं. आपण माठातलं पाणी, ताक, कोकम सरबत गटागट पितो. मग पाळण्यातल्या चार महिन्यांच्या बाळाचं काय?

त्याला पाण्याचा एक चमचासुद्धा द्यायचा नाही!

“अगं, लेकराच्या घशाला कोरड पडेल की!” आजी मायेनं म्हणते. तिची काळजी खरी आहे. पण बाळ दिवसभर पाणी पीतच असतं, आईच्या दुधातून. 100 ग्रॅम दुधात सुमारे 87 ग्रॅम पाणीच असतं. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. करा बरं हिशेब! साडेसहाशे मिलिलिटर पाणी झालं.

खरी गंमत पुढेच आहे. आपल्या रक्तातला कचरा आणि जास्तीचं मीठ मूत्रपिंडं पाण्याबरोबर लघवीतून बाहेर टाकतात. बाळाची मूत्रपिंडं अजून कच्ची असतात. म्हशीच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या जवळजवळ चौपट, आणि क्षारही जास्त. ते सगळं निस्तरायला पाणी खूप लागतं. आईच्या दुधात प्रथिनं आणि क्षार बेताचेच, त्यामुळे थोड्या पाण्यात काम भागतं आणि उरलेलं घामासाठी मिळतं. बर्फावर जन्मणाऱ्या काही सीलच्या पिल्लांना मात्र निम्म्याहून जास्त चरबी असलेलं दूध मिळतं. ज्याला जशी गरज, त्याच्या आईचं दूध तसं!

हे शास्त्रज्ञांनी तपासूनही पाहिलंय. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्याच कडक, कोरड्या उन्हाळ्यात फक्त आईचं दूध पिणाऱ्या बाळांची लघवी तपासली. वरचं पाणी न देताही त्यांना पाणी पुरत होतं. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, पहिले 6 महिने फक्त आईचं दूध.

पाण्यानं चिमुकलं पोट भरलं की बाळ दूध कमी पितं. बाळ कमी प्यालं की आईला दूधही कमी येऊ लागतं. पाणी अस्वच्छ असेल तर जुलाब. आणि पाणी फार झालं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन बाळाला झटकेसुद्धा येऊ शकतात.

उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा पितं. पिऊ द्यावं. कुंची, स्वेटर काढून सुती झबलं घालावं, सावलीत ठेवावं. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होत असेल तर बहुधा दूध पुरतंय. पण लघवी कमी झाली, टाळू खोल गेली, बाळ मलूल झालं किंवा दूध पिईना, तर मोठ्यांना लगेच सांगा. गावातल्या आशाताईंना विचारायलाही थांबू नका, थेट दवाखाना गाठायचा.

आता ताई-दादांसाठी एक काम. दूध पाजणाऱ्या आईला खूप तहान लागते, आणि हातात बाळ असल्यानं तिला उठता येत नाही. ती बाळाला घेऊन बसली की पाण्याचा भरलेला तांब्या तिच्याजवळ नेऊन ठेवा.