बहुस्तंभी मजकूररचना

बहुस्तंभी मजकूररचना : वेबपृष्ठावरील सलग मजकूर शेजारशेजारच्या दोन वा अधिक स्तंभांत वाहता ठेवण्याची पद्धती. ही मांडणी मूळ मजकुरात न लिहिता त्यापासून वेगळ्या ठेवलेल्या शैलीपत्रकात लिहितात. ही शैलीपत्रके सीएसएस या संक्षेपाने ओळखली जातात.

ओळ फार लांब झाली, की तिच्या शेवटाकडून पुढील ओळीच्या आरंभाकडे परतताना नजर चुकते. म्हणून रुंद पान स्तंभांत विभागण्याची प्रथा मुद्रणपूर्व काळापासून आहे. इ. स. चौथ्या शतकातील कोडेक्स सिनाइटिकस या ग्रीक बायबलच्या हस्तलिखितात एका पानावर बहुतांशी चार स्तंभ आहेत, तर गूटेनबेर्क यांच्या मुद्रित बायबलमध्ये (सु. १४५५) दोन आहेत.

शैलीपत्रकांची ही कल्पना होकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली व तिचे पहिले प्रमाणरूप वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात मजकूर स्तंभांतून वाहता करण्याची सोय नव्हती. त्यामुळे रचनाकार मजकुराचे हाताने तुकडे पाडून ते कोष्टकाच्या घरांत भरीत. एखादा परिच्छेद वाढला, तरी सगळे तुकडे पुन्हा पाडावे लागत. ही अडचण दूर करणारा मसुदा १९९९ मध्ये निघाला. तथापि सर्व प्रमुख ब्राउझरांत त्यातील सोयी रुळण्यास सुमारे दोन दशके लागली.

शैलीपत्रकात स्तंभांची संख्या किंवा त्यांची इष्ट रुंदी सांगता येते. केवळ संख्या सांगितल्यास अरुंद पडद्यावरही तितकेच स्तंभ पडतात व ओळीत जेमतेम दोन-तीन शब्द मावतात. म्हणून रुंदी सांगणे अधिक शहाणपणाचे. उदा., उपलब्ध जागा ९६० पिक्सेल, स्तंभाची इष्ट रुंदी २४० व दोन स्तंभांमधील अंतर ३० पिक्सेल असल्यास तीनच स्तंभ बसतात, कारण चारांना १,०५० पिक्सेल लागतात. उरलेली जागा वाटली जाऊन प्रत्येक स्तंभ ३०० पिक्सेल रुंद होतो. ३६० पिक्सेल रुंदीच्या जागेत, उदा., मोबाइलवर, तोच मजकूर आपोआप एकस्तंभी होतो. मथळा सर्व स्तंभांवर पसरविणे, मध्ये उभी रेघ घालणे, चित्र तुटू न देणे या गोष्टीही साधतात.

या पद्धतीची खरी अडचण पडद्याच्या स्वरूपात आहे. छापील पान एका नजरेत मावते. वेबपृष्ठाला तसा ठरलेला तळ नसतो. स्तंभ पडद्याहून उंच झाले, तर वाचकाला पहिल्याच्या तळापर्यंत उतरून दुसऱ्यासाठी पुन्हा माथ्याकडे यावे लागते. वर्तमानपत्राची नक्कल करण्याच्या हौसेत हे पुष्कळदा विसरले जाते. दीर्घ लेखाला ही रचना सामान्यतः मानवत नाही. सूची, शब्दार्थ, लहान टिपणे यांना ती शोभते. स्तंभांची उंची पडद्याइतकी निश्चित केल्यास मात्र जादा मजकूर आडव्या दिशेने नव्या स्तंभांत जातो. ई-पुस्तके वाचण्याच्या काही आज्ञावल्यांत याच युक्तीने पाने पाडतात.

मराठी मजकुरासाठी अरुंद स्तंभ विशेष जपून वापरावे लागतात. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहीत असल्यामुळे ‘विद्यापीठांमधल्यासारखे’ अशी लांब रूपे वरचेवर येतात. दोन्ही कडा समान राखण्याचा आग्रह धरल्यास शब्दांमध्ये पांढरी भगदाडे पडतात; तेव्हा डावी कडच जुळवून उजवी मोकळी सोडणे बरे.