फूटपाथवरच्या चेहऱ्यांचा हिशेब

थॉमस बर्नार्डो लंडनमध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी आश्रम चालवायचे. आश्रमात येताना मूल कसं होतं आणि नंतर कसं सुधारलं, अशा फोटोंच्या जोड्या विकून ते पैसा उभा करत. मूल जास्त केविलवाणं दिसावं म्हणून फोटोआधी त्याचे कपडे मुद्दाम फाडतात, असा आरोप झाला आणि १८७७ मध्ये प्रकरण लवादापुढे गेलं. बाकीच्या बहुतेक आरोपांतून बर्नार्डो सुटले. फोटोंबद्दल मात्र ठपका आला.

त्याच सुमारास जॉन टॉमसननं लंडनमध्येच एका पायरीवर टेकलेल्या निराधार बाईचा फोटो काढला. तिच्या कुशीत तान्हं मूल आहे. ते तिचं नव्हे. दुसरीचं मूल सांभाळून ती चहा-पावाची सोय करायची. हे कळतं ते सोबत छापलेल्या मजकुरामुळे. नुसता फोटो पाहून आपण तिला आई ठरवून हळहळलो असतो.

न्यूयॉर्कचा जेकब रीस मला जास्त अडचणीत टाकतो. हा माणूस स्वतः बेघर होऊन पोलीस ठाण्यातल्या निवाऱ्यात झोपलेला. पुढे बातमीदार झाल्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून रात्री-अपरात्री कोंदट खोल्यांत शिरायचा. पाच-पाच सेंट मोजून दाटीवाटीनं निजलेली माणसं त्याच्या फोटोत अर्धवट डोळे उघडून बघतात. त्यांना कोण विचारणार! पण १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं, गाजलं. त्यानं पाठपुरावा सोडला नाही आणि १८९६ मध्ये पोलिसांचे ते घाणेरडे निवारे बंद झाले. फोटोनं खरंच काही हललं, अशी उदाहरणं थोडीच. दाखला मात्र रीसचा द्यायचा आणि कोणाच्याही तोंडासमोर कॅमेरा धरायचा, हे अजून चालू आहे.

डोरोथिया लँगनं १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेला मायलेकरांचा फोटो जगभर गेला. बातमी छापून आल्यावर सरकारनं तिथं वीस हजार पौंड अन्न पाठवलं; तोवर ते कुटुंब पुढे निघून गेलं होतं. ती आई, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, १९७८ मध्ये सापडली तेव्हा चिडलेली होती. नाव विचारलं नाही, पैसाही मिळाला नाही. फोटो सरकारी कामातला, त्यामुळे लँगलाही रॉयल्टी नव्हती, हे खरं. पण नाव विचारायला पैसे पडत नाहीत.

मार्था रॉस्लरनं १९७४-७५ मध्ये न्यूयॉर्कच्या बॉवरी भागातल्या दारुड्यांवर काम करताना फोटोतून माणसंच वगळली. चतुर उत्तर, पण सगळ्यांनी तेच दिलं तर बेघर माणूस फोटोतूनही हद्दपार. २००० नंतर लंडनमध्ये अँथनी लुवेरानं शटरची वायर बेघरांच्याच हाती दिली आणि कुठला फोटो ठेवायचा हेही त्यांच्यावर सोपवलं. वेळखाऊ आहे, पण मला पटते ती हीच वाट.

आपल्याकडे निदान मुलांपुरता कायदा स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे घर नसलेलं मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेल्यांत मोडतं. कलम ७४ खाली, बाल कल्याण समितीनं परवानगी दिल्याशिवाय त्याचा फोटो प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून दादरच्या पुलाखाली फिरणाऱ्या हौशी मंडळींनी हे एक कलम तरी वाचून बाहेर पडावं.