लिफ्ट एक्सल: नुसतं बटण दाबून भागत नाही

धानाच्या वाहतुकीसाठी पहिली मोठी गाडी घ्यायचा विचार करताय? मग किंमत आणि हप्ता बघताना मागचा लिफ्ट एक्सलही समजून घ्या. कमाईचा बराच हिशोब तिथं अडकलेला असतो.

या एक्सलला हवेचे बलून असतात. काही बलून एक्सल वर उचलतात, काही तो खाली दाबून वजन झेलतात. गाडी रिकामी असेल तर एक्सल वर ठेवा. टायर कमी झिजतात, डिझेलही वाचतं. माल भरायचा असेल तर भरण्याआधीच खाली घ्या.

आता मुख्य मुद्दा, हवेचा दाब. तो कमी पडला तर ओझं ड्राईव्ह एक्सलवर जातं. जास्त झाला तर ड्राईव्ह चाकांवरचं वजन हलकं होतं, आणि पावसाळ्यात बेडगाव घाटात चाकं जागीच फिरायला लागतात.

मग दाब किती ठेवायचा? सुरुवात कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापासून करा, खात्री वजनकाट्यावर. भरलेल्या गाडीची तीन वजनं घ्या: आधी फक्त पुढची चाकं, मग ड्राईव्ह एक्सलपर्यंत, शेवटी पूर्ण गाडी. समजा आकडे आले 6.4, 18.6 आणि 24 टन. वजाबाकी करा. ड्राईव्ह एक्सलवर 12.2 टन, मागच्यावर 5.4 टन.

एकूण वजन आरसीत बसत असेल, तरी गाडी ओव्हरलोडच! चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा 2018 पासून 11.5 टन आहे. 2019 च्या सुधारित कायद्यात ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000. बघा, इथं पोती उतरवायचीच असं नाही. कंपनीने दिलेल्या मर्यादेत मागचा दाब थोडा वाढवा आणि तिन्ही वजनं पुन्हा घ्या. पुढच्या आणि मागच्या एक्सलची मर्यादाही तपासा.

रोजची तीन कामं पक्की करा. हवेच्या टाकीतलं पाणी काढा. बलून आणि पाईपच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. आणि नुसत्या हवेच्या भरवशावर गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. हवा सुटली की गाडी एकदम खाली बसते. आधी चेसिसला भक्कम आधार, मग काम.

शेवटी एक वही ठेवा: किती पोती, किती दाब, कोणत्या एक्सलवर किती वजन. उद्या ड्रायव्हर बदलला तरी तुमचा हिशोब गाडीतच राहील.