चर्चेविना एकमत

२९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण देणारं विधेयक महाराष्ट्र विधानसभेत आलं, चर्चेविना एकमताने मंजूर झालं आणि त्याच दिवशी विधान परिषदेनेही ते संमत केलं. मराठ्यांचं मागासलेपण तपासणाऱ्या गायकवाड आयोगाचा अहवाल पंधरा दिवसांपूर्वीच सरकारच्या हाती पडला होता. सभागृहात मात्र फक्त कृती अहवाल आला. म्हणजे ज्या आकडेवारीवर कायदा उभा राहायचा, ती न पाहताच आमदारांनी होकार भरला.

घाई समजण्यासारखी होती. मराठा आरक्षणाचा २०१४ चा अध्यादेश उच्च न्यायालयात अडला, मागोमाग नागपुरात केलेला कायदाही. मग मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये कोल्हापूरचे रस्ते माणसांनी भरून गेले. त्यानंतर शंका काढायला कोण उभं राहणार? शंका काढली की विरोधक ठरायची भीती, आणि ती सगळ्याच पक्षांना.

पण शंका होती, आणि साधी नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्येच १०२ वी घटनादुरुस्ती लागू झाली होती. मागास वर्ग ठरवण्याचा राज्याचा अधिकार तिच्यानंतर उरतो का? सभागृहाने टाळलेल्या या प्रश्नाचं उत्तर ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी दिलं: उरत नाही. एकूण आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थितीही न्यायालयाला दिसली नाही. त्याआधी सप्टेंबर २०२० च्या स्थगितीनेच निवड झालेल्या उमेदवारांच्या नेमणुका लटकल्या होत्या. एकमताने मत देणाऱ्यांपैकी कुणाची नोकरी गेली नाही. १६ जूनला कोल्हापुरात शाहू समाधिस्थळी पुन्हा मूक आंदोलन सुरू झालं.

शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम या शहराला पाठ आहे. निम्म्या रिकाम्या जागा मागासांसाठी, एवढंच सहसा सांगितलं जातं. पण मागासांत कोण मोडत नाहीत हेही त्यात लिहिलं होतं, आणि खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करायचा होता. एकट्या राजाने स्वतःच्या हुकमावर बसवलेली ही तपासणी २८८ जणांच्या सभागृहाला सुचली नाही.

२०२४ मध्ये तर वेग वाढला. मागासलेपण नव्याने तपासणाऱ्या शुक्रे आयोगाचा अहवाल १६ फेब्रुवारीला आला. २० तारखेला एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात १० टक्क्यांचं विधेयक आवाजी मतदानाने मंजूर. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. १०५ व्या दुरुस्तीने राज्याचा अधिकार परत आला होता खरा, पण ५० टक्क्यांचा पेच तसाच होता. कायदा मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि असाधारण परिस्थिती नेमकी कोणती, यावर वकिलांचा युक्तिवाद नव्याने सुरू झाला.