मामंजी कुणाचे मामा?

लग्न लागून नवी जोडी घराशी येते. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं असतं, नवरी पाऊल उचलणार इतक्यात नवऱ्याची बहीण दोन्ही हात पसरून दार अडवते आणि विचारते, "मुलगी देशील का माझ्या मुलाला?" हशा पिकतो. व्हिडिओवाला पुढे सरसावतो. भाऊ "देतो, देतो" म्हणत खिशातून पाकीट काढतो आणि वाट मोकळी होते.

मी एका लग्नात दार अडवणारी बहीण पाहिली, ती फार तर सात वर्षांची असेल. पुढचे दोन दात पडलेले. तिनं पढवलेलं वाक्य चोख म्हटलं. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय, कारण तिनं नेमकं मागितलं काय? जी बाई अजून घरात शिरलेली नाही तिची मुलगी. कुणासाठी? जिचं स्वतःचं लग्न व्हायला अजून किमान वीस वर्षं आहेत तिच्या मुलासाठी. न जन्मलेल्या दोन माणसांची सोयरीक, चारचौघांच्या साक्षीनं, उंबऱ्यावर. इतकी विचित्र मागणी आपण गंमत म्हणून सोडून देतो.

आता दुसरी खूण. जुन्या घरांत सून सासऱ्याला "मामंजी" म्हणते, आणि खेड्यापाड्यांत सासूला "आत्याबाई". सासूला आत्या म्हणणं त्या दाराशी जुळतं. मागणी पुरी झाली, तर भावाची मुलगी बहिणीच्या घरी सून म्हणून जाणार, म्हणजे तिची आत्याच तिची सासू. पण मग सासरा आत्याचा नवरा झाला. त्याला मामा का म्हणायचं? मामा म्हणजे आईचा भाऊ. मामंजी नक्की कुणाचे मामा?

या कोड्याकडे जायचं तर आधी भावंडं मोजावी लागतात. मराठीत चुलत, मावस, मामे आणि आते असे चार कप्पे आहेत. इंग्रजीत या चौघांना मिळून एकच शब्द, कझिन. आनुवंशिकतेच्या हिशेबानं इंग्रजी चुकत नाही. चौघांपैकी कुणाशीही आपला सरासरी एक अष्टमांश वारसा सामाईक असतो. रक्ताला चुलत आणि मामे यांतला फरक कळत नाही. तरीही मराठा-कुणब्यांसह कितीतरी जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात, आणि त्याच घरांत चुलतबहिणीशी लग्न हा शब्द उच्चारला तरी लोक कानांवर हात ठेवतात. अरबांत नेमकं उलट आहे. तिथे परंपरेनं चुलत्याची मुलगीच पहिली पसंती. चार्ल्स डार्विननं १८३९ साली एमा वेजवुडशी लग्न केलं. ती त्याच्या आईच्या भावाची मुलगी, म्हणजे आपल्या भाषेत सख्खी मामेबहीण. एखाद्या कुणबी आजीनं "बरं केलंस बाबा" म्हटलं असतं. त्याच्या भाषेला मात्र ती मामाची की काकाची, हे सांगायची गरजही वाटत नव्हती.

निसर्गानं न आखलेली रेघ माणूस शब्दांनी आखतो आणि मग तिला निसर्ग समजतो. मानववंशशास्त्र ज्या शोधांवर उभं राहिलं, त्यांतला हा एक मोठा.

तो शोध ज्याच्या हाती लागला तो लुईस हेन्री मॉर्गन हा न्यूयॉर्क राज्यातला वकील. शेजारच्या सेनेका या मूळ अमेरिकी लोकांत उठबस करताना त्याला दिसलं, की ही माणसं वडिलांच्या भावाला वडील म्हणतात आणि आईच्या बहिणीला आई. त्या दोघांची मुलं सख्खी भावंडं धरतात. मामा आणि आत्या मात्र वेगळे, आणि त्यांची मुलंही वेगळी. हा त्याला आधी एका जमातीचा चमत्कारिकपणा वाटला. मग वेगळ्याच भाषेच्या ओजिब्वे लोकांतही तीच मांडणी सापडली. त्यानं नात्यांच्या शब्दांची लांबलचक प्रश्नावली छापली आणि जगभरच्या मिशनऱ्यांना आणि वकिलातींना पाठवली. १८५९च्या सुमारास तमिळ मुलुखाची माहिती हाती आली, तेव्हा तो थक्क झाला. तीच मांडणी तिथेही! अमेरिकेचे मूळ रहिवासी आशियातून आल्याचा हा पुरावा, असं त्याला वाटलं. हा पुरावा टिकला नाही. पण १८७१ साली त्याचा जाडजूड ग्रंथ आला आणि नात्यांचे शब्द हा शास्त्राचा विषय झाला.

मॉर्गनला तमिळमध्ये जे दिसलं, त्याचा एक धागा मराठीतही आहे. "चुलता" हा शब्द संस्कृत क्षुल्लतातपासून आला. क्षुल्ल म्हणजे लहान, तात म्हणजे बाप. चुलता म्हणजे धाकटा बाप. कन्नडात काकाला चिक्कप्पा म्हणतात, तमिळमध्ये चित्तप्पा, अर्थ तोच. चुलतभाऊ म्हणजे धाकट्या बापाचा मुलगा, तेव्हा भाऊच. मावशी आईच्या जागी असते हे सांगायला तर व्युत्पत्तीही नको. माय मरो, मावशी उरो. उरले मामा आणि आत्या. कन्नडात अत्ते म्हणजे आत्या आणि अत्ते म्हणजेच सासू. मावा म्हणजे मामा आणि सासराही. तमिळ-तेलुगूतही हेच. एका माणसाची दोन नाती नव्हेत, तिथे ते एकच नातं आहे. आपल्याकडे गावात मामाच्या मुलीला "मेव्हणी" म्हणतात, तेव्हा हीच व्यवस्था बोलत असते.

कोडं इथं सुटतं, आणि किल्ली आपल्याच भाषेत पडलेली आहे. साटंलोटं. हल्ली वर्तमानपत्रांत पुढारी आणि ठेकेदारांच्या संदर्भातच भेटणारा हा शब्द मुळात लग्नाचा. तू माझी बहीण कर, मी तुझी करतो. असं झालं की माझ्या मुलीच्या आत्याचा नवरा कोण? माझ्या बायकोचा भाऊ. म्हणजे तिचा मामा. आत्याचा नवरा आणि आईचा भाऊ हा एकच माणूस! उद्या ती त्याच्या घरी सून म्हणून गेली, तर सासू खरीखुरी आत्या आणि सासरा खराखुरा मामा. मामंजी हे अशा दुहेरी देवघेवीच्या जगातलं संबोधन आहे.

मराठी मुलुखात मात्र ती देवघेव बहुतेक ठिकाणी एकेरी झाली. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी हे फार बारकाईनं पाहिलं. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या, गावोगाव हिंडल्या, आणि १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग केले. उत्तरेत मुलगी अनोळखी घरी, दूरच्या गावी द्यायची. मामे-आते सगळे भाऊबहीणच. दक्षिणेत ती ओळखीच्या, बहुधा नात्यातल्याच घरी जाते. मामाची मुलगी चालते, आत्याची चालते, काही ठिकाणी तर थोरल्या बहिणीची मुलगीही. आपण मध्ये. मामाची मुलगी चालते, नव्हे हक्काची. आत्याची मुलगी बहुतेक ठिकाणी चालत नाही. शिवाय इथेही जात बदलली की नियम बदलतो. ऋग्वेदी देशस्थांत मामेबहीण चालते, चित्पावनांत नाही.

मामाची चालते आणि आत्याची नाही, हे कसं? माझी आई ज्या घरातून आली, त्याच घरातून मी बायको आणली, तर मुली एकाच दिशेनं वाहतात. तिकडून इकडे, पिढ्यानपिढ्या. देणारे देतात, घेणारे घेतात, मानपान ठरलेला. आत्याची मुलगी आणली, तर जिथे आम्ही दिली तिथूनच घेतली. पाणी उलटं वाहिलं. काल ज्यांचे पाय धुतले, त्यांच्याकडून आज पाय धुवून घ्यायचे. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यानं १९४९ साली याच दोन दिशांवर मोठा सिद्धान्त उभारला. एका दिशेच्या देण्यातून अनेक कुळांची साखळी बनते, उलट-सुलट देण्यातून फक्त जोड्या. सिद्धान्त देखणा आहे. पण त्यात मुली पत्त्यांसारख्या या हातातून त्या हातात जातात, यावर स्त्रीवादी अभ्यासक गेल रुबिन हिनं १९७५ साली बोट ठेवलं, ते योग्यच होतं. आत्याचं घर म्हणजे मायेचं सासर, हे ऐकायला गोड. पाळण्यातच जिची मागणी होऊन बसली, तिला ते कसं वाटलं असेल हे कोष्टकात येत नाही.

उत्तर-दक्षिणेतली ही सीमारेषा किती जुनी? दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं बौधायनाचं धर्मसूत्र दक्षिणेकडच्या पाच चाली सांगतं. मुंज न झालेल्याबरोबर जेवणं, बायकोबरोबर जेवणं, शिळं खाणं, मामाच्या मुलीशी लग्न आणि आत्याच्या मुलीशी लग्न. उत्तरेकडच्याही पाच सांगतं. त्यात लोकर विकणं, दारू पिणं आणि समुद्रप्रवास येतात. ज्या प्रदेशात जे चालतं तिथे ते केलं तर दोष नाही, दुसरीकडे केलं तर आहे, असं मतही तो नोंदवतो. मला हा सूत्रकार भलताच आधुनिक वाटतो.

याहून अंगावर काटा आणणारा पुरावा महाराष्ट्री प्राकृतात आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावरच्या गाथासप्तशतीत एक प्रसिद्ध गाथा आहे. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं ती ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून घेतली, म्हणून ती पंडितांना पाठ. मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरची तरुण सून दिवसाउजेडी दाखवून ठेवते, की सासू कुठे निजते आणि मी कुठे. वरवर सावधगिरीची सूचना, आतून आमंत्रण. तिथे सासूसाठी शब्द आहे "अत्ता". गोदाकाठची ती चतुर सून आपल्या सासूला ज्या शब्दानं ओळखते, तो आज आपण वडिलांच्या बहिणीला मारतो त्या हाकेच्या इतका जवळ आहे.

आता कायदा. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानुसार सख्ख्या मामे-आते भावंडांचं लग्न निषिद्ध नात्यात येतं, मात्र दोघांच्या रूढीत ते मान्य असेल तर चालतं. म्हणजे बौधायनाची ती जुनी फट संसदेनंही उघडी ठेवली. डॉक्टर जवळच्या नात्यातल्या लग्नातून अपत्याला आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो असं सांगतात आणि ते खरं आहे. शिकलेल्या घरांतून ही चाल मागे पडत चालली आहे. उरला आहे तो दाराशी होणारा हशा.

आणि आता तोही अडचणीत आहे. एकुलत्या एक मुलाच्या लग्नात दार अडवायला बहीण कुठून आणायची? मग चुलत नाही तर मावसबहिणीला पुढे करतात. नुसती सोय म्हणून करतात, पण जुन्या हिशेबानं ते अगदी बरोबर आहे. धाकट्या बापाची मुलगी आणि मावशीची मुलगी, दोघी बहिणीच. फक्त मामेबहिणीला तिथे उभं करू नका. तिची जागा उंबऱ्याच्या बाहेर, मापाशी होती.