चौकोनी चाक आणि गणिताच्या संग्रहालयाविषयीचे गैरसमज

गणिताचं संग्रहालय म्हटलं की काचेआडच्या पोथ्या, जुनी मोजमापं आणि भिंतीवर गणितज्ञांच्या तसबिरी असणार, असं बहुतेकांना वाटतं. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०१२मध्ये सुरू झालेल्या ‘मोमॅथ’ या संग्रहालयाचं नाव झालं ते चौकोनी चाकांच्या तीनचाकी सायकलमुळे. तिच्यावर कुणीही बसावं आणि चालवावी.

ही हातचलाखी आहे, निदान बसणाऱ्याला हादरे तरी बसतच असतील, हा समज पहिला. हादरे बसत नाहीत, कारण रस्ता सपाट नाही. त्यावर ओळीने उंचवटे आहेत आणि त्यांचा आकार चाकासाठीच बेतलेला आहे. प्रत्येक उंचवट्याची वक्र लांबी चौकोनाच्या बाजूइतकी असते. दोन उंचवटे जिथे मिळतात तिथे काटकोनाची खाच होते आणि चाकाचा कोपरा तिच्यात चपखल बसतो. त्यामुळे चाकाचा मध्य कायम एकाच उंचीवर राहतो. सायकलस्वाराला एवढंच हवं असतं.

उंचवट्याचा हा वक्र अन्वस्त, म्हणजे पॅराबोला आहे, असं अनेक शिकलेली माणसंही सांगतात. तो आहे दोन टोकांना धरून सैल सोडलेल्या साखळीचा, फक्त उलटा केलेला. या गोंधळाबद्दल लाज वाटायला नको. गॅलिलिओनेही १६३८च्या ग्रंथात साखळीचा आकार अन्वस्ताजवळ नेऊन ठेवला होता. खरं सूत्र १६९१मध्ये हायगेन्स, लायब्निट्झ आणि योहान बर्नुली यांनी वेगवेगळं काढलं. झुलत्या पुलाची मुख्य तार मात्र अन्वस्ताच्या जवळ जाते, कारण तिच्यावर पुलाच्या सपाट रस्त्याचं वजन असतं.

आता मला सर्वांत खटकणारा गैरसमज. संशोधन जमेनासं झालं की प्राध्यापक व्याख्यानं देत आणि खेळणी मांडत फिरतात, असं कॉलेजांच्या स्टाफरूममध्येही बोललं जातं. मिनेसोटातल्या मॅकॅलेस्टर कॉलेजचे स्टॅन वॅगन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्सप्लोरेटोरियम’मध्ये चौकोनी चाकाचं छोटं प्रारूप पाहिलं. त्यातून प्रश्न सुचला: कुठल्या चाकाला कुठला रस्ता लागेल? लिऑन हॉल यांच्यासह त्यांनी १९९२मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला आणि पुढे कॉलेजातच खरीखुरी चौकोनी सायकल उभी केली. म्हणजे प्रदर्शनातून संशोधन निघालं आणि संशोधनातून पुन्हा प्रदर्शन. व्याख्यानांचंही तसंच. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळ व्याख्यानं १९७८मध्ये गणितावर पहिल्यांदा झाली. ती देणारे क्रिस्टोफर झीमन हे वॉरिक विद्यापीठाचा गणित विभाग उभारणारे नावाजलेले संस्थितिशास्त्रज्ञ होते.

हे सगळं फक्त मुलांसाठी असतं, हेही खरं नाही. मोमॅथची व्याख्यानं मोठी माणसंही ऐकतात.

घरी करून बघायचं असेल, तर पातळ साखळीची दोन्ही टोकं एकाच उंचीवर अशी धरा की टोकांपाशी ती आडव्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करील. तो वक्र पुठ्ठ्यावर उतरवा, उलटा करा आणि तसेच चार-पाच उंचवटे कापून शेजारी शेजारी लावा. चौकोनाची बाजू साखळीच्या लटकत्या भागाएवढी घ्या आणि मधोमध पेन्सिल खुपसून तो त्यावरून फिरवा.