लाकडी कॅमेऱ्याला तेल पाजू नका

आजोबांचा महोगनीचा फील्ड कॅमेरा माळ्यावरून खाली आला, की सल्ला ठरलेला: "वर्षातून एकदा जवसाचं तेल पाजा, नाहीतर लाकूड सुकतं." सांगणारा इतक्या मायेनं सांगतो की त्याला गप्पही बसवता येत नाही. अहो, ते झाड कधीच तोडलंय! लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. तेही मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेनं. तहान वगैरे त्याला लागत नाही.

मग तेलानं निदान ओल तरी अडते? अमेरिकी वनखात्याच्या 'वुड हँडबुक'मध्ये चाचणीचा तक्ताच आहे. जवसाच्या तेलाचे तीन हात दिलेलं लाकूड 90 टक्के आर्द्रतेत ठेवलं, तर 14 दिवसांनी ओल अडवण्याची क्षमता शून्य. लाखेचे तीन थर त्यापेक्षा कितीतरी बरे ठरतात. आणि थॉर्नटन-पिकार्डसारख्या जुन्या ब्रिटिश कॅमेऱ्यांवर लाखेचंच फ्रेंच पॉलिश असतं. म्हणजे चांगल्या थरावर आपण निकामी थर चोपडतो.

वर तेल चिकट होतं, धूळ धरतं, सरकत्या पट्ट्यांच्या खाचेत उतरतं. पितळी स्क्रूभोवती हिरवट राप चढतो. तेलाचा बोळा कोपऱ्यात टाकलात तर तो आपोआप तापून पेटूही शकतो. ही अतिशयोक्ती नाही. धुळीला मऊ ब्रश, पुसायला कोरडं सुती कापड, बस्स.

जुलैत पट्टी अडकली म्हणून पॉलिश पेपरनं घासणारेही भेटतात. थांबा, हवा कोरडी झाली की ती आपणहून सुटते. आज घासलीत तर तेव्हा खुळखुळेल. फारच अडली तर खाचेत साधी मेणबत्ती फिरवा.

डांबराच्या गोळ्या? त्यांची वाफ लेन्सवर जमते. हवाबंद प्लास्टिकची पिशवी आतली ओल आतच कोंडते. चामड्याची पेटी मिरवायला छान, पण चामडं ओल धरतं आणि बुरशी पोसते. ड्राय कॅबिनेटचा आर्द्रतेचा काटा 30 पर्यंत खाली आणू नका, लाकूड तडकेल. 45 ते 55 टक्के पुरे. पावसाळा संपल्यावर कडक उन्हातही ठेवू नका.

भाता ताणून ठेवला की टिकतो, हेही खोटं. तो लोंबतो. मिटूनच ठेवा. छिद्रांची शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरून बाहेरून घड्यांचे कोपरे तपासा. बहुतेक छिद्रं तिथंच सापडतात.